मिस मार्पल आणि आमचे गाव : सौम्य रहस्यमालिकांच्या आकर्षणाचा एक विचार

(द्वितीय वर्ष, कला)

रहस्यकथा हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे फारसा प्रतिष्ठित मानला जात नाही. वर्गात आपण कादंबरीचा अभ्यास करतो, कवितेचा करतो, नाटकाचा करतो. परंतु रहस्यकथा ही एस. टी. स्थानकावर विकत घेऊन प्रवासात वाचावयाची आणि उतरताना बाकावर विसरून जावयाची वस्तू, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. तरीही ती वाचली जाते, पाहिली जाते आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहते. जे टिकते त्यामागे माणसाची काही तरी गरज असलीच पाहिजे. ती गरज कोणती, याचा थोडा विचार या लेखात करण्याचे योजिले आहे.

रहस्यकथा म्हटले की पाठलाग, पिस्तूल आणि रक्ताचे थारोळे डोळ्यांसमोर येते. मात्र मला येथे लिहावयाचे आहे ते तिच्या एका शांत, सौम्य शाखेविषयी. इंग्लंडमधील दूरदर्शनवर गेली चाळीस वर्षे अशा मालिकांची एक परंपराच निर्माण झाली आहे. बी. बी. सी. ने १९८४ ते १९९२ या काळात अॅगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलच्या बाराही कादंबऱ्या पडद्यावर आणल्या. जोन हिक्सन या वृद्ध अभिनेत्रीने ती भूमिका केली. डेव्हिड सूशे या नटाने १९८९ पासून २०१३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाव शतक, सत्तर भागांत हर्क्युल पॉयरो उभा केला. ‘मिडसमर मर्डर्स’ ही मालिका १९९७ साली सुरू झाली. चेस्टरटनच्या फादर ब्राऊन या पाद्र्यावरील नवी मालिका २०१३ पासून आली. या सर्वांची ठेवण एकसारखी आहे. लहानसे गाव, एक चर्च, एक चहाचे दुकान, फुलांची बाग, आणि त्या बागेशेजारी एक खून. खून होतो, पण तो आपल्यापुढे उगाळला जात नाही. पुढचा सगळा वेळ जातो तो माणसांशी बोलण्यात.

आमच्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी गेल्या वर्षी वर्गात यांपैकी एक भाग दाखविला आणि मला त्याची गोडी लागली. पुढे मी असे बरेच भाग मोबाईलवर पाहिले. इंदापूर तालुक्यातील एका वस्तीवर राहून बारामतीला कॉलेजला येणाऱ्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलीला इंग्लंडातल्या म्हाताऱ्या बाईचे हे उद्योग का आवडावेत, असा प्रश्न मैत्रिणींनी विचारला. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधता शोधताच हा लेख तयार झाला.

मराठीतील परंपरा

प्रथम आपल्या घरचे पाहू. मराठीत रहस्यकथेची वाण नाही. बाबूराव अर्नाळकर, म्हणजेच चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड हे नायक एका संपूर्ण पिढीच्या ओठांवर होते. पण हे नायक धाडसी, वेषांतर करणारे, अंधारात उडी घेणारे. सौम्य प्रकार शोधावयाचा तर भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेकडे जावे लागते. पुण्याजवळच्या फुरसुंगीचा हा बनेश फेणे सायकलवरून फिरतो, अंगाने किडकिडीत आहे आणि डोळे उघडे ठेवतो, एवढेच त्याचे भांडवल. आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावचा मुलगा गुन्हा उकलू शकतो, ही कल्पना भागवतांनी रुजविली, हे त्यांचे मोठेच ऋण आहे.

दूरदर्शनवर १९८५ साली ‘करमचंद’ आली. १९९३ साली बासू चटर्जींनी ‘ब्योमकेश बक्षी’ सादर केली. शरदिंदु बंद्योपाध्यायांचा हा नायक स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, तर ‘सत्यान्वेषी’ म्हणवतो. हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. चोर पकडणे आणि सत्य शोधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका शब्दात आले आहे. पुढे १९९८ साली ‘सी. आय. डी.’ सुरू झाली आणि आपल्या शिवाजी साटमांमुळे ती मराठी घराघरांत पोहोचली. ही मालिका आमच्याकडे आजही आवडीने पाहिली जाते. पण तिच्यात कितीदा तरी असे होते की, संशयिताच्या कानशिलात बसते आणि तो घडाघडा बोलू लागतो. लहान मुले तर त्या क्षणाची वाटच पाहत असतात. सौम्य मालिकांत नेमकी हीच गोष्ट नाही, आणि माझ्या मते त्यांच्या आकर्षणाचे मूळ येथेच आहे. ते मी पुढे स्पष्ट करीन.

खेडे हीच प्रयोगशाळा

डब्ल्यू. एच. ऑडन या इंग्रज कवीने १९४८ साली रहस्यकथेवर एक निबंध लिहिला. त्याच्या विवेचनाचा सारांश असा : रहस्यकथेतील गाव हे एखाद्या निष्पाप नंदनवनासारखे असते, खुनामुळे ते विटाळते, त्यामुळे सगळेच संशयित होतात, गुप्तहेर खरा दोषी शोधतो आणि मग बाकीच्यांना त्यांचे निर्दोषपण परत मिळते. या विवेचनात मोठे तथ्य आहे. परंतु ऑडनने गृहीत धरलेले ते निष्पाप नंदनवन आम्हांला परिचयाचे नाही. आमची गावे कधीच निष्पाप नव्हती. त्यांत पाटलाचा वाडा होता आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्याही होत्या.

तरीही मिस मार्पलचे सेंट मेरी मीड हे गाव मला ओळखीचे वाटले. तेथे कोणाकडे पाहुणा आला, कोणाच्या मुलाने नोकरी सोडली, कोणाची सून माहेरी गेली हे सर्वांना ठाऊक असते. मिस मार्पल विणकाम करीत बसते आणि सगळे ऐकते. तिची पद्धत अगदी साधी आहे. कोणी नवा माणूस भेटला की तिला आपल्या गावातला एखादा जुना माणूस आठवतो : हा अमक्या दुकानदाराच्या पोरासारखा हसतो, ही त्या अमकीसारखी न विचारता कारणे देते. माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच, आणि तो शिकावयास एक खेडे पुरेसे आहे, हा तिचा सिद्धान्त. ज्यांनी कधी खेड्याबाहेर पाऊल टाकले नाही त्यांनाही जगाचे ज्ञान असू शकते, असे सांगणारे हे साहित्य आहे. शहरातून आलेल्या मुलांपुढे बुजणाऱ्या आमच्यासारख्यांना यातून धीर मिळतो, हे नमूद केले पाहिजे.

माग

आता मी ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळते.

गुन्ह्याचा तपास ही विद्या आपल्याकडे साहेबाबरोबर आली, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः आपल्या गावगाड्यात ती पूर्वीपासून होती. गावाच्या रखवालीचे काम ज्यांच्याकडे असे त्यांत रामोशी समाज प्रमुख होता. माझा जन्म याच समाजात झाला. रात्री गस्त घालणे, गावात आलेल्या-गेलेल्यावर नजर ठेवणे आणि चोरी झाल्यास चोराचा माग काढणे ही त्यांची कामे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ सालच्या ग्रंथात गावकामगारांच्या या व्यवस्थेचे वर्णन आहे. चोराचा माग ज्या गावाच्या शिवेपर्यंत जाई, तेथे तो पुढच्या गावच्या रखवालदाराच्या हवाली करावयाचा. मग पुढची जबाबदारी त्या गावाची. ज्यांना माग पुढे नेता आला नाही, त्यांच्यावर नुकसानभरपाईचा बोजा पडे.

माझे आजोबा या कामाच्या गोष्टी सांगत. त्यांनी स्वतः माग काढला नव्हता, पण त्यांच्या वडिलांनी काढला होता. मातीत पाऊल दिसले की प्रथम त्यावर पाटी पालथी घालून ठेवावयाची, म्हणजे वारा आणि गुरे यांनी ते मोडत नाही. मग काठीवर त्याचे माप घ्यावयाचे. टाच खोल रुतली असेल तर डोक्यावर ओझे आहे. चवडा रुतला असेल तर माणूस पळत होता. एक पाऊल तिरके पडत असेल तर तो लंगडतो. वहाण असेल तर अंगठा कोठे झिजला आहे ते पाहावयाचे. हे ऐकताना मला शेरलॉक होम्स काही नवा वाटेना. भिंगाऐवजी काठी, आणि लंडनच्या धुक्याऐवजी नीरेकाठची काळी माती, इतकाच काय तो फरक.

सौम्य रहस्यमालिकांचा आत्मा तोच आहे. खूण जपून ठेवावयाची, ती वाचावयाची, आणि तिने जिकडे नेले तिकडेच जावयाचे. आपल्या मनाला वाटेल तिकडे जावयाचे नाही.

संशय

परंतु ज्या हातांनी माग काढला, त्याच हातांवर पुढे संशय आला. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर वाढविली. माणसाने गुन्हा केला म्हणून नव्हे, तर तो अमुक जातीत जन्मला म्हणून त्याला गुन्हेगार ठरविणारा हा कायदा. त्याखाली पोलिसांकडे हजेरी लावावी लागे, परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. आपल्या शेजारच्या सोलापुरात तर अशा लोकांना ठेवण्यासाठी वसाहतच होती. ‘सेटलमेंट’ हा शब्द तेथे अजून ऐकू येतो. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा संपला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. बेरड, कैकाडी, पारधी, वडार यांच्याबरोबर रामोशी समाजही आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कायदा जाऊनही संशय कसा मागे राहतो, हे त्या पुस्तकातून सुशिक्षित वाचकांना कळले.

आमच्या घरीही ते कळले होते, पण पुस्तकातून नव्हे. मी जन्मण्यापूर्वीची गोष्ट आहे. एका बागायतदाराच्या विहिरीवरची मोटार आणि केबल रातोरात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वस्तीवरची चार माणसे चौकशीला नेली, त्यांत माझे आजोबा होते. ते त्या रात्री घरी होते हे सांगणारे दहा जण होते. पण विचारले कोणी नाही. तीन दिवसांनी ते परत आले तेव्हा त्यांना मांडी घालून बसता येत नव्हते. पुढे कधी तरी ती मोटार दुसऱ्याच तालुक्यात, दुसऱ्याच माणसाकडे सापडली. कोणी येऊन आजोबांना ‘चूक झाली’ असे म्हटले नाही. विहिरीभोवतीच्या ओल्या चिखलात पावले होती, गाडीच्या चाकाची खूण होती, असे आजोबा शेवटपर्यंत म्हणत. “माग पडला हुता, कुनी बघितलाच न्हाई,” हे त्यांचे शब्द. त्यांना माराचे दुःख होतेच. पण माग पाहिला नाही याचे अधिक होते, असे मला वाटते.

ही तक्रार कोणा एका व्यक्तीविरुद्ध नाही. आजही चोरी झाली की प्रथम कोणाची आठवण होते ते पाहावे. हंगामात बीड-अहिल्यानगरकडून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या, पारध्यांची पाले, नाही तर आमच्यासारख्यांच्या वस्त्या. बंगल्यातल्या माणसाचे नाव शेवटी येते, बहुधा येतच नाही.

मिस मार्पल काय करते?

या पार्श्वभूमीवर ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ ही १९५० ची कादंबरी आणि तिच्यावरील १९८५ चे दूरदर्शन-रूपांतर पाहावे. एका घरी दिवे जातात, गोळ्या सुटतात, आणि दिवे लागतात तेव्हा हातात विजेरी घेऊन आलेला एक परदेशी तरुण मरून पडलेला असतो. तो हॉटेलातला साधा नोकर. त्याच्या नावावर पूर्वीच्या लहानसहान चोऱ्या आहेत. साहजिकच सर्वांना वाटते की, हा लुटायला आला आणि स्वतःच मेला, प्रकरण मिटले. मिस मार्पल मात्र तेथेच थांबते. किरकोळ चोऱ्या करणारा माणूस एकाएकी बंदूक घेऊन घरात का शिरेल, असा तिचा प्रश्न. पूर्वीचा दोष हा आजच्या गुन्ह्याचा पुरावा होत नाही, हे ती विणता विणता सांगते. त्याच घरात एक निर्वासित स्वयंपाकीण आहे. तिला पोलिसांची धास्ती वाटते, आणि घरचे लोक तिला खोटारडी म्हणून हसतात. शेवटी खरा गुन्हेगार उघडकीस आणण्यास तीच धैर्याने मदत करते. तो गुन्हेगार कोण हे मी येथे सांगत नाही; वाचकांनी स्वतः पाहावे.

‘अ पॉकेट फुल ऑफ राय’ या कादंबरीत एका श्रीमंत घरातील मोलकरीण मारली जाते. अनाथाश्रमातून आलेल्या त्या मुलीला मिस मार्पलनेच घरकाम शिकविलेले असते. मालकाच्या खुनाने सगळे हादरलेले. मोलकरणीकडे कोणाचे लक्ष नाही. मारणाऱ्याने तिच्या नाकाला कपडे वाळत घालण्याचा चिमटा लावून तिची विटंबना केलेली असते. त्या चिमट्याचा संताप येऊन ही म्हातारी आगगाडीत बसते. मालकासाठी ती गेली नसती.

यातील पहिला भाग मी आजीला दाखविला. तिला इंग्रजी येत नाही. मी मधून मधून मराठीत सांगत होते. शेवटच्या प्रवेशात गुन्हेगार कबूल झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मारलं न्हाई, शिव्या न्हाईत, तरी खरं भाईर आलं की गं!” सौम्य रहस्यकथेवर मी जे काही वाचले, त्यात इतके नेमके वाक्य मला आढळले नाही. लोकांना या मालिका आवडतात त्या बागा, चहा आणि जुन्या मोटारी यांमुळे, असे सांगितले जाते. तेही खरेच आहे. पण आजीला बागेचे काही वाटले नाही. तिला नवल वाटले ते मारहाणीशिवाय सत्य सापडू शकते याचे.

या कथांत आणखी एक न्याय आहे. त्यांत सर्वांवर सारखा संशय घेतला जातो. सरदार, पाद्री, डॉक्टर, माळी, स्वयंपाकीण यांना एकाच दिवाणखान्यात बसवितात आणि प्रत्येकाला विचारतात, “त्या वेळी तुम्ही कोठे होता?” आमच्या आजोबांना हा प्रश्न कोणी विचारला असता तर उत्तर देणारे दहा जण होते.

मर्यादा

अर्थात या मालिकांचे दोषही सांगितले पाहिजेत. त्यांतले नोकर बहुधा विनोदापुरते असतात. श्रीमंतांच्या इस्टेटी कोठून आल्या, हे क्वचितच विचारले जाते. गुन्हेगाराला पकडून नेतात आणि कथा संपते. पण ख्रिस्तीच्या बहुतेक कथा ज्या काळात घडतात त्या काळी इंग्लंडात खुनाला फाशी होती, ती १९६५ साली उठली. त्या फाशीची सावली चहाच्या टेबलावर पडू दिली जात नाही. शिवाय ‘मिडसमर’सारख्या एवढ्याशा मुलखात इतके खून पडतात की, तेथे कोणी शिल्लक कसे राहते याचेच नवल वाटावे! हे वास्तव नव्हे, हे उघड आहे. म्हणून कोणी या मालिकांना पलायनवादी म्हणतात.

हा आरोप मला अर्धाच पटतो. ज्याच्या वाट्याला न्याय नेहमी येतो, त्याला अशी कथा म्हणजे करमणूक. ज्याच्या वाट्याला तो आला नाही, त्याला ती न्याय कसा असावा याचा नमुना दाखविते. नमुना हाती असला तरच समोरच्या मालातली खोट कळते.

समारोप

आणि हा नमुना काही केवळ इंग्रजी कल्पनेतला नाही; आपल्या कायद्यातही तो आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. अटक कशी करावी, नातेवाइकांना कसे कळवावे, वैद्यकीय तपासणी कशी व्हावी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सांगितले आहे. म्हणजे मारून वदवून घेतलेल्या शब्दाला किंमत नाही, हे कायद्याला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. समाजाला ते अजून ठाऊक व्हावयाचे आहे. संशयिताच्या कानशिलात बसताच टाळ्या वाजविणारे प्रेक्षक आपणच आहोत.

हे सर्व मी येथे, आपल्या वार्षिकांकात, का लिहिते आहे? आपल्या वर्गातील कितीतरी मुले-मुली पोलीस भरतीची तयारी करीत आहेत. पहाटे कालव्याच्या रस्त्यावर धावणाऱ्यांत माझा सख्खा भाऊही आहे. सोळाशे मीटर किती मिनिटांत, गोळा किती लांब, याचा हिशेब त्याला तोंडपाठ आहे. यांतील काही जण उद्या अंगावर वर्दी चढवतील. एखाद्या सकाळी त्यांच्याकडे कोणी मोटार चोरीला गेल्याची तक्रार घेऊन येईल आणि बरोबरच एखाद्या वस्तीचे नावही सांगेल. त्या वेळी त्यांनी वस्तीकडे जाण्याआधी विहिरीकडे जावे. चिखलातले पाऊल वाळण्यापूर्वी त्यावर पाटी पालथी घालावी, आणि मग ते जिकडे नेईल तिकडे, मग तो बंगला असो की पाल, जावे.